धोंडाईची पेज

रानातल्या प्राण्यांच्या एका राज्यात सगळ्यांचा दिवस चावण्यात जात असे. तिथलं गवत दरवर्षी अधिक राठ होत चाललं होतं. सकाळी तोंडात घेतलेला घास उन्हं चढेपर्यंत चघळावा, तेव्हा कुठे तो घशाखाली उतरे. त्यामुळे ज्याचे दात चांगले, तो मानाचा. पावसाळा संपला की राज्याचा कारभारी निळोजी, जातीने रोही म्हणजे नीलगाय, प्रत्येकाच्या तोंडात डोकावून पाही. ज्याचे दात झिजलेले दिसत, त्याने ओढा ओलांडून पलीकडच्या उतारावर निघून जायचं, असा नियम होता. अर्धवट चावून थुंकलेलं गवत वाया जातं, एवढंच त्यामागचं कारण. पलीकडे काय आहे, हे परत येऊन कोणी सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी धोंडाई हत्तिणीची शेवटची दाढ पाहणीतच गळून पडली.

निळोजी दुष्ट नव्हता. ती दाढ खुराने हळूच बाजूला सारत तो म्हणाला, "धोंडाईबाई, नियम मी केलेला नाही. मला तो सांभाळायला दिलाय. दोन अमावास्या थांबतो. तोवर निरोप घ्या सगळ्यांचे."

धोंडाईने मान हलवली. तिच्या पाठीवर बसलेल्या सोनकी वानरीने मात्र हलवली नाही. सोनकीची आई ती लहान असतानाच गेली होती. तेव्हापासून उन्हापावसात तिने धोंडाईचीच पाठ धरली होती.

संध्याकाळी सोनकी म्हणाली, "मावशी, तू नुसतं गिळायचंस. चावायचं काम आधीच बाहेर उरकून ठेवलं तर?"

"बाहेर कोण चावणार माझ्यासाठी?"

"दगड."

धोंडाई हसली. पण दुसऱ्या दिवशी सोनकी ओढ्याकाठच्या कातळावर गेली. तिथे पाण्याने कोरलेले खोल खळगे होते. त्यातल्या एकात तिने उंबरं टाकली, गोट्याने ठेचली, पाणी ओतलं आणि ढवळलं.

"आण इकडे," धोंडाई म्हणाली.

"आधी मी पिऊन बघते. मी आडवी झाले तर तू मला उचलशील. तू आडवी झालीस तर तुला कोण उचलणार?"

तीन दिवस सोनकी उंबराच्या पाण्यावर राहिली. पिऊन झालं की ती या फांदीवरून त्या फांदीवर नाचे आणि थोड्याच वेळात तिचे हातपाय थरथरू लागत. नुसत्या गोडावर भागणार नाही, हे तिला कळलं. मग तिने रानातला कुळीथ आणि कारळे आणून वाटले. त्याने तिचं पोट असं फुगलं, की दोन दिवस ती खोडाला टेकून कण्हत बसली आणि तिच्या कळपाने झाड बदललं. पुढच्या खेपेला कुळीथ भिजत घालून ती विसरून गेली. परत आली तेव्हा त्याला मोड आले होते. ते वाटून प्यायली, तेव्हा पोट गप्प राहिलं.

आता पेज पोटाला सोसत होती, पण घशात टोचत होती. सोनकीने सुगरणीचं एक सोडलेलं घरटं आणलं आणि त्यातून पेज गाळली. खाली उतरलेला रस दाट, गुळगुळीत होता. ती खूश झाली. चोथा तिने ओढ्याच्या कडेला फेकला आणि वीस दिवस त्या रसावर काढले.

वीस दिवसांनी तिचे केस निस्तेज झाले होते. पोट दगडासारखं घट्ट झालं होतं. फांदीला लटकलं की हात सुटत. धोंडाई तर त्याआधीच खंगत चालली होती. तिच्या बरगड्या दिसू लागल्या होत्या. एक अमावास्या उलटून गेली होती.

"पुरे आता," धोंडाई म्हणाली. "माझ्यापायी तू मरशील, पोरी."

खळगे धुवायला म्हणून सोनकी ओढ्यावर गेली आणि थबकली. चोथ्याच्या ढिगाशी एक म्हातारी साळू खात बसली होती. सोनकीने तिला ओळखलं. मागच्या वर्षी दात गेले म्हणून तिला पलीकडे धाडलं होतं. ती मेली असंच सगळे धरून चालले होते. तिचे काटे मात्र नव्या पावसातल्या गवतासारखे तकतकीत होते.

"तुम्ही जिवंत आहात?" सोनकीने विचारलं.

साळू दचकली. "तू टाकतेस, म्हणून खाते. मऊ असतं. कोणाला सांगू नकोस."

"नुसतं एवढंच खाता?"

"शिवाय पडलेले आवळे असतात. वर्षभर चोरून इकडच्या पडलेल्या फळांवरच कशीबशी तगले. आणि खारी माती चाटते. तिकडे उतारावर मातीशिवाय आहे काय?"

सोनकीने ते घरटं उचललं आणि झाडावर परत टांगून टाकलं. त्यानंतर तिने पेज गाळली नाही. सालं, कोंडा, धागे सगळं आतच राहू द्यायचं, फक्त टोचणार नाही इतकं बारीक करायचं, असं तिने ठरवलं. वर आवळा ठेचून घालायचा आणि चिमूटभर खारी माती. सात दिवसांत तिचं पोट मोकळं झालं. दहाव्या दिवशी ती एका हाताने लटकून झोके घेत होती.

पण हत्तीचं पोट भरायचं म्हणजे खळगेच्या खळगे भरायला हवेत. दिवसभर गोटा चालवून सोनकीचे तळवे सोलवटून निघाले. धोंडाईने ते पाहिलं. ती हळूहळू उठली, कातळावर आली आणि मोड आलेल्या कुळथावर तिने आपला पुढचा पाय ठेवून भार दिला. सोनकीला जे अर्ध्या दिवसात जमत नव्हतं, ते क्षणात झालं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्या दिवशी धोंडाई प्रथमच पोटभर प्यायली.

दुसऱ्या अमावास्येच्या सकाळी निळोजी आला. धोंडाई सावरली होती. तिने न सांगताच तोंड उघडलं. आत एकही दात नव्हता.

"मी गवत कुठे वाया घालवलंय ते दाखवा," ती म्हणाली.

निळोजीने कातळ फिरून पाहिला. थुंकलेला एकही घास सापडला नाही. "नियमात चावायला हवं असं आहे, धोंडाईबाई," तो म्हणाला. त्याचा आवाज बसका होता.

"चावतेच आहे की." धोंडाईने पाय उचलून खळग्यात ठेवला. कुळीथ चिरडल्याचा आवाज झाला. "पाहणी तोंडाचीच करायची, असं आहे का नियमात?"

निळोजीने पुन्हा एकदा खळग्यात डोकावून पाहिलं. मग "बघू पुढच्या वर्षी," असं पुटपुटत निघून गेला.

त्यानंतर कातळावर गर्दी वाढू लागली. आधी साळू उघडपणे आली. तिच्या मागून उतारावरून आणखी दोघं आली, एक चितळीण आणि एक भेकर. इकडच्यांपैकीही बरेच येऊ लागले. गवत राठ म्हणून नव्हे, सहज चव घ्यायला, असं ते सांगत. कोणी आवळे आणी, कोणी माती. धोंडाईचा पाय दिवसभर चाले.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी निळोजी स्वतः आला. पाहणीची वेळ नव्हती. तो खळग्यांपासून जरा दूर, ओठ घट्ट मिटून उभा राहिला. त्याचे गाल आत गेले होते. सोनकीने एक खळगा काठोकाठ भरला आणि बाजूला झाली.

तो तरी पुढे येईना. तोंड उघडल्याशिवाय पिता येत नव्हतं.

धोंडाईने सोंड वर केली आणि दूरच्या डोंगराकडे दाखवलं. "ढग दिसतोय का रे तिकडे?" तिने विचारलं. आभाळ कोरडं ठाक होतं. तरी सगळ्यांनी माना वळवल्या. चितळीण वळली, साळू वळली, पिल्लंसुद्धा वळली. मागे पेज चाटल्याचा आवाज येऊ लागला, आधी दबकत, मग भुकेने. तो थांबेपर्यंत सारं राज्य त्या रिकाम्या आभाळाकडे पाहत उभं होतं.