दोन बनियन आणि सात शहरं

तीस वर्षं शाळेचं वेळापत्रक मीच बनवलं, त्यामुळे आठ दिवसांत युरोपातली सात शहरं बसवणं मला हातचा मळ वाटलं. रोज नवं शहर, रोज नवं हॉटेल! गाड्या धावत पकडायच्या, म्हणून प्रत्येकी एकच छोटी बॅग आणि कपड्यांचे दोनच जोड. एक अंगावर, एक बॅगेत.

तक्ता भिंतीवर चिकटवून मी बायकोला ऐटीत म्हणालो, "कुमुद, यात एक चूक काढून दाखव. काढलीस तर सहल तू म्हणशील तशी!"

कुमुदनं चष्मा लावून तक्ता वाचला.

"अहो, कपडे रोज रात्री धुवायचे ना?"

"अर्थात!"

"आणि सकाळी सहाला हॉटेल सोडायचं. तिथल्या थंडीत रात्रीतून काही वाळत नाही. मग पॅरिसला धुतलेला तुमचा बनियन वाळणार कोणत्या शहरात?"

मी सातही शहरांवरून बोट फिरवलं. बनियनला कुठेच मुक्काम नव्हता.

आता चार दिवस पॅरिस, चार दिवस रोम, बस्स. एवढी निवांत सहल आखली कोणी, असं सोसायटीत सगळे विचारतात. मी खरं तेच सांगतो, "माझ्या बनियननं."