जीनच्या पँटचा चोर

“दोन बोटं कापड आणि निम्मा रंग! बोल म्हाळू, कुठे लपवलंस सगळं?”

निंबगडचे उदाजीमहाराज जीनची पँट हातात नाचवत भर दरबारात गरजले. पँटचं बटण कमरेला लागेना, पायाची मोहरी घोट्याच्या वर चढलेली, आणि तो गडद निळा रंग पार विटून गेलेला. समोर म्हाळू परीट उभा होता.

खरं तर चूक कोणाची, हे दरबारातल्या खांबांनाही ठाऊक होतं. एका पाहुण्याच्या अंगात जीन पाहून महाराज हट्टाला पेटले आणि लांबून कापडाचं ठाण मागवलं. केरबा शिंप्याने हात जोडून विनवलं, “सरकार, कोरं कापड आहे. आधी पाण्यातून काढू, मग बेतू.” महाराज म्हणाले, “कोऱ्याची ऐट पाण्यात घालवतोस? आजच बेत!” पँट झाली, अंगावर अशी चोपून बसली की महाराज दिवसभर आरशासमोरून हलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पंगतीत आमरसाची वाटी मांडीवर कलंडली. लगेच हुकूम सुटला, “म्हाळूला सांगा, कडक भट्टी दे!” म्हाळूने बिचाऱ्याने सोड्याच्या पाण्यात पँट उकळली, दगडावर बडवली आणि रणरणत्या उन्हात वाळवली. हुकूम म्हणजे हुकूम!

केरबा खाली मान घालून उभा होता. राजाला ‘मी सांगितलं होतं’ असं कोण म्हणणार?

दिवाणजींना मात्र भारी उत्साह. ते पुढे सरसावले. “सरकार, याचे तळहात बघा! निळेशार!”

“मग झालं तर!” महाराजांनी मांडीवर थाप मारली. “ज्याच्या अंगावर माझ्या पँटचा रंग, तो चोर! म्हाळू, उद्या सूर्य मावळायच्या आत माझी दोन बोटं परत पाहिजेत. ठिगळ चालणार नाही, नवा धागा चालणार नाही. नाही जमलं, तर चोराने धुण्याचा घाट सोडायचा आणि गावाची वेस ओलांडायची!”

म्हाळू घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. त्याच्या आजाने त्या घाटावर पहिला दगड मांडला होता. तो सोडून जायचं म्हणजे जीवच काढून ठेवायचा! त्याची थोरली लेक हौसा चुलीपुढे भाकरी थापत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, पँट उलटीसुलटी केली, दोन्ही हातांनी ताणून पाहिली आणि हसली.

“आबा, रडताय कशापायी? कापड कुठं बी गेलं न्हाई. भट्टीचा चटका बसला आन् अंग आखडून बसलंय. उद्या काढू की भाईर!”

“आणि रंग गं?”

“त्यो बी गावंल. चोरासकट!”

दुसऱ्या दिवशी सकाळीच हौसाने राजवाड्यावर निरोप धाडला. ‘बोटं सापडली आहेत, पण ती घ्यायला महाराजांनी स्वतः घाटावर यावं.’

महाराज आले. दिवाणजी आले. मागोमाग अख्खं निंबगड आलं. पँट कोमट पाण्याच्या घंगाळात भिजत पडली होती.

“कुठे आहेत माझी बोटं?”

“ह्या पँटीतच दडून बसल्यात, सरकार. वढून काढाय पायजेत. केरबाकाका, तुम्ही कंबर धरा. दिवाणजी, तुम्ही मोहरी धरा. तुमच्याएवढं जोरकस हात दुसऱ्या कुणाचं?”

दिवाणजी फुशारून पुढे झाले आणि घाम फुटेस्तोवर ओढत राहिले.

“आता सरकारांनी ही वलीच घालायची.”

“ओली? मी?”

“मापाचं पाय सरकारांचं! दुसऱ्याच्या पायावर वाढवली, तर पँट दुसऱ्याची व्हईल. चालंल?”

हे काही महाराजांना चालणार नव्हतं! ते आडोशाला गेले, पोट आत ओढलं, श्वास रोखला आणि कसंबसं बटण लावलं. मग हौसाने त्यांना घाटाच्या पायऱ्या चढायला लावल्या, उतरायला लावल्या, उकिडवं बसवलं, उठवलं. “आणखी बसा, सरकार! पाय ताणा, सरकार!” राजा उठाबशा काढतोय हे पाहून बायकांनी तोंडाला पदर लावले. दिवस कलला, वाऱ्याने पँट अंगावरच वाळत आली. महाराजांनी खाली पाहिलं. मोहरी घोट्यावर अचूक टेकली होती आणि कंबर पहिल्यापेक्षाही सुखाची झाली होती.

“वा! दोन बोटं आली!” महाराज खूश झाले, पण हट्ट सुटेना. “आणि माझा रंग? त्याचा चोर कुठे आहे?”

“त्यो बी घाटावरच हाय. सरकार, जरा मोहरी वर करता?”

महाराजांनी मोहरी वर केली. पाय गुडघ्यापर्यंत निळे! नुसते निळे नाहीत, जांभळासारखे!

हौसाने वाकून मुजरा केला. “ज्याच्या अंगावर रंग, त्यो चोर. सरकारांचाच न्याय! चोर मुद्देमालासकट सापडला, आन् साथीदारबी हितंच हाय. दिवाणजी, हात दावा की!”

दिवाणजींनी हात पाठीमागे नेले, पण तोवर ते निळे हात सगळ्यांनी पाहिले होते.

हौसाने मावळतीकडे बोट दाखवलं. “अजून दोन घटका दिवस हाय, सरकार. कुठली वेस वलांडणार? वरली का खालची?”

म्हाळूने डोळेच मिटून घेतले.

महाराजांनी एकदा आपल्या पायांकडे पाहिलं, एकदा दिवाणजींच्या हातांकडे पाहिलं, आणि असे खदखदून हसले की बटण पुन्हा सुटतंय की काय असं वाटलं!

“हरलो गं पोरी! कोऱ्याची ऐट मला हवी होती आणि भट्टीही मीच लावली. म्हाळू, हा घाट आजपासून तुझा आणि तुझ्या लेकीचा. कोणी उठवणार नाही!” त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून हौसाच्या ओंजळीत टाकलं. “आता एवढं सांग, ही पँट पुढे धुवायची कशी?”

“गार पाण्यात, उलटी करून, एकटीच. वाळवायची सावलीत.” हौसाने कडं पदराला बांधलं. “आन् सरकार, आमरस धोतरावर खायाचा!”