अंताजी वैद्याचा दट्ट्या

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे नेमक्या किती ते विचारू नका, कारण विचारणाऱ्याच्या पणजोबालाही ते सांगता आलं नसतं, एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात अंताजी नावाचा वैद्य राहत होता. औषधं झकास करायचा. स्वभाव मात्र असा, की आरशात पाहिलं तरी मनात यायचं, हा माझ्यासारखं तोंड करून कोण उभा आहे आणि याला हवंय तरी काय?

कोणी रामराम केला, तर अंताजी घरी येऊन विचार करत बसे, आज याने एवढ्या गोडीने का केला. नाही केला, तर विचार करी, का नाही केला. हसू नका. तुमच्यातल्या निम्म्यांनी आज सकाळी हेच केलंय.

अंताजीच्या माजघरात, आढ्याच्या फटीत, एक पाल राहायची. सगळ्यांच्या घरी असते तशीच. फरक एवढाच, की ही बोलायची, आणि बोलायची ती फक्त अंताजीला ऐकू यायची. दुसऱ्यांना नुसतं चुक् चुक् ऐकू यायचं.

तर या अंताजीचं आसव साऱ्या पंचक्रोशीत नावाजलेलं होतं. रानातल्या मुळ्यांचा काढा, गूळ आणि धायटीची फुलं मोठमोठ्या बरण्यांत घालायची, तोंडाला फडकं बांधायचं आणि बरण्या कोपऱ्यात ठेवून द्यायच्या. मग आतला रस आपणहून बुडबुडायला लागतो. कान लावला तर सुर्र सुर्र ऐकू येतं. गावातले लोक म्हणत, बरणी जागी आहे. कित्येक दिवसांनी बुडबुडणं थांबलं, की म्हणत, बरणी निजली. बरणी निजली की तिला पांगाऱ्याच्या लाकडाचं बूच मारायचं. त्याआधी नाही.

पण निजली हे ठरवायचं कोणी? इथे गावाचा एक रिवाज होता. ज्याची बरणी, त्याचा कान चालत नसे. कारण घाईतल्या माणसाला जाग्या बरणीचंसुद्धा घोरणं ऐकू येतं. म्हणून शेजारपाजारचं कोणीतरी बोलवायचं. त्याने बरणीला कान लावायचा, "निजली" म्हणायचं, आणि कानाचा मान म्हणून चमचाभर आसव तोंडात घेऊन जायचं. याला म्हणत परका कान.

अंताजीच्या घरचा परका कान वर्षानुवर्षं शेजारच्या भागू तेलिणीचा होता. बाई तोंडाने फटकळ, पण कानाने पक्की.

त्या वर्षी अंताजीची लेक येसू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पोर आधीच काडी. दिवस भरत आले तरी गाल बसलेले, ओठ पांढरे. अंताजीची बायको सगुणाबाई त्याला म्हणाली, "बाकीच्यांना आसव द्या न द्या, येसूला बाळंतपणानंतर ते मिळालंच पाहिजे. तिच्या अंगात रक्त नाही. उठायची कशी ती?"

अंताजीने लेकीकडे पाहिलं आणि मान हलवली. जगात एवढ्या एका माणसावर त्याचा संशय नव्हता. त्याने त्या वर्षी आसवाला मुळ्या निवडून घेतल्या, गूळ जुना घातला, बरण्यांच्या तोंडाला स्वतःच्या धोतराचं धुतलेलं फडकं बांधलं.

वरून पाल म्हणाली, "चुक् चुक्. आता भागू येईल."

"येऊ दे की. दरवर्षी येते."

"दरवर्षी येते आणि दरवर्षी चमचाभर चाखते. इतक्या वर्षांत त्या जिभेला कळलं नसेल, गूळ किती आणि फुलं किती?"

अंताजीच्या हातातला चमचा खाली पडला. हे त्याला सुचलंच नव्हतं. संशयी माणसाला एखादा संशय दुसऱ्याने सुचवावा, यासारखी लाज नाही.

त्याच आठवड्यात गावात एक फिरता कारागीर आला. बैलगाडीत चाती, तरफा, कुलपं, असलं काय काय भरलेलं. अंताजीच्या दारात येऊन त्याने एक लाकडी घोडी मांडली. घोडीवर लोखंडी नळी, वरून रुंद आणि खाली अरुंद. नळीत दट्ट्या. दट्ट्याला लांब दांडा.

"वैद्यबुवा, हाताने मारलेलं बूच पोरसुद्धा उपटतं," कारागीर म्हणाला. "हे बघा." त्याने नळीत जाडजूड बूच टाकलं, खाली एक रिकामी बरणी ठेवली आणि दांडा दाबला. बूच आवळत आवळत नळीतून उतरलं आणि बरणीच्या गळ्यात जाऊन बसलं. "आता काढा बरं."

अंताजीने नखं लावली. दात लावले. बरणी मांडीत धरून घाम निघेपर्यंत ओढलं. बूच हललं नाही.

"मग काढायचं कसं?"

"फोडून," कारागीर म्हणाला. "किंवा मीच काढून देईन. त्याचं हत्यार निराळं, त्याची बिदागी निराळी."

अंताजीला हा माणूस लबाड वाटला, आणि खरं सांगायचं तर तो थोडा होताही. पण अंताजीच्या डोळ्यांपुढे न निघणारं बूच नाचत होतं. न निघणारं बूच म्हणजे न चाखणारी भागू. तरी त्याने नळीत डोकावून पाहिलं, दट्ट्या उलटा करून हुंगला, घोडीच्या पायांवर टिचक्या मारून कुठे पोकळ लागतंय का ते ऐकलं. न जाणो, बूच बसवता बसवता यंत्रच आसव पीत असायचं. शेवटी त्याने ते ठेवून घेतलं.

जाता जाता कारागीर म्हणाला, "एक सांभाळा बुवा. बरणी पुरती निजू द्या, मगच दाबा."

गाडी वळते न वळते तोच पाल म्हणाली, "चुक् चुक्. थांबा म्हणाला का? का थांबायचं? तोवर बरण्या उघड्या राहतील. उघड्या बरण्या कोणाच्या सोयीच्या?"

"भागूच्या," अंताजी पुटपुटला.

"दोघांचं आधीच ठरलेलं असेल."

आता कारागीर परगावचा. भागूचं तोंडसुद्धा त्याने पाहिलेलं नव्हतं. पण संशयाला पुरावा लागत नाही. त्याला आढं पुरतं.

दुसऱ्या दिवशी भागू आपणहून दारात आली. पदराला तेलाचा वास, कानात बुगड्या.

"वैद्यबुवा, कान आणलाय. बरण्या निजल्या का बघू द्या."

अंताजीने दार बोटभर उघडलं. "यंदा लागणार नाही."

"का? माझा कान किडला?"

"मला माझा कान आहे."

"तो तर गाढवालाही असतो, बुवा. तेही आपल्याच ओरडण्याला गाणं समजतं." भागू वाट पाहत उभी राहिली. दार काही उघडेना, तशी म्हणाली, "बरं. येसूला सांगा, मी आलते." आणि निघून गेली.

अंताजीने माजघरात जाऊन बरणीला स्वतःचा कान लावला. सुर्र. त्याने कान पुसला आणि परत लावला. सुर्र सुर्र. मग त्याने दुसरा कान लावला, जो जरा बहिरा होता. त्या कानाला बरणी एकदम निजलेली वाटली.

सगुणाबाई दारातून म्हणाली, "अहो, इथवर ऐकू येतंय. जागी आहे ती."

"तू कोणाच्या बाजूची आहेस?"

"बरणीच्या," ती म्हणाली, आणि कपाळाला हात लावून स्वयंपाकघरात गेली.

अंताजीने यंत्र मांडलं. बूच टाकलं, दांडा दाबला. एक बरणी झाली, दुसरी झाली, ओळीने सगळ्या झाल्या. येसूसाठी वेगळी ठेवलेली बरणी शेवटची. तिच्यावर तर त्याने दांड्याला लोंबकळून बूच दाबलं. मग माजघराला कुलूप घातलं आणि किल्ली जानव्याला बांधली.

आता खरी गंमत ऐका. हाताने मारलेलं बूच जाग्या बरणीवर बसवलं असतं, तर बरणीने ते फट्दिशी उडवून लावलं असतं. बूच आढ्याला लागलं असतं, माणूस शहाणा झाला असता, गोष्ट इथेच संपली असती. पण हे बूच हटणारं नव्हतं. आतल्या रसाने वर ढकललं, बूच हललं नाही. आणखी ढकललं, तरी नाही. बरण्या कण्हायला लागल्या.

अंताजीने कुलपाबाहेरून ते कण्हणं ऐकलं.

"कोणीतरी आत आहे," पाल म्हणाली. "बूच काढायला बघतंय, पण निघत नाही."

अंताजीला इतका आनंद झाला, की त्याने एक कुलूप आणखी लावलं.

आणि मग, भर दुपारी, येसूच्या कळा सुरू झाल्या असताना, माजघरात पहिली बरणी फुटली. तिच्या दणक्याने दुसरी. मग एकामागून एक. भिंती हादरल्या, फडताळातली भांडी नाचली, गोठ्यातल्या म्हशीने दावं तोडलं. सुईण ओरडली, "कोण तोफा डागतंय?" त्याच दणदणाटात येसूची लेक जन्माला आली. ती एवढ्या मोठ्याने रडली, की सगळ्यांना वाटलं, हीसुद्धा बरणीच.

दोन्ही कुलपं काढून अंताजी आत गेला. पायाखाली गूळमट चिखल. भिंतींवरून आसव ओघळतंय. बरण्यांच्या खापरांत गळे तेवढे शाबूत होते, आणि प्रत्येक गळ्यात बूच जिथल्या तिथे, घट्ट. दट्ट्याने दगा दिला नव्हता. कारागीर बोलला होता, त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

खाटेवर येसू डोळे मिटून पडली होती, आणि तिचे ओठ सकाळच्याहून पांढरे होते. नवं आसव घालायचं तर ते तयार व्हायला महिना उलटणार. पोरीकडे तेवढे दिवस नव्हते.

अंताजी भागूच्या दारात जाऊन उभा राहिला.

"दणका ऐकला," भागू म्हणाली. "येसू कशी आहे?"

"आसव हवंय तिला. कोणाकडे उरलंसुरलं असेल तर."

भागू आत गेली आणि एक बाटली घेऊन आली. जवळजवळ भरलेली. अंताजीने बूच काढून हुंगलं. डोळे बारीक झाले.

"हे तर हुबेहूब माझ्या आसवासारखं आहे."

"तुमचंच आहे. मागं हिवतापात तुम्हीच दिलं होतं."

"मग प्यायली का नाहीस?"

"अहो, किती कडू ते. घशाखाली उतरतंय का? दरवर्षी तुम्ही तो मानाचा चमचा तोंडात घालायचा, आणि मी अंगणात जाऊन तुळशीमागं थुंकायची. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

अंताजी उभ्या जागी बसला. इतक्या वर्षांचं गुपित, आणि ते तुळशीमागे. तरी सवय बघा, बाटली उचलताना त्याने आधी एक घोट स्वतः घेऊन पाहिला.

"काय, आहात ना जिवंत?" भागू म्हणाली. "जा आता. पोर वाट बघतेय."

त्या बाटलीवर येसू उठली. हळूहळू गालांवर रंग आला, आणि लेकीला कडेवर घेऊन ती सासरी गेली. अंताजीने दट्ट्या मोडून चुलीत घातला, घोडीसकट. त्याला वाटलं, संपलं.

पण इकडे माजघरात काय झालं होतं? भिंतीवरच्या अर्ध्या मुरलेल्या, अजून गोड आसवाला मुंग्या लागल्या, माशा लागल्या, आणि पाल जन्मात खाल्लं नव्हतं एवढं जेवली. फुगून घोरपडीएवढी झाली. तिने अंडी घातली. अंड्यांतून पिल्लं निघाली आणि अंताजीच्या घरात मावेनात, म्हणून गावभर पसरली. घराघराच्या आढ्यात एक एक जाऊन बसलं आणि ज्याच्या त्याच्या कानात चुकचुकायला लागलं.

पुढच्या वर्षी अंताजीने पुन्हा आसव घातलं. बरण्या निजायच्या बेताला आल्या, तशी त्याने दार सताड उघडलं आणि साऱ्या गावाला हात जोडून बोलावलं. "या, कान लावा. ज्याला वाटेल त्याने लावा."

लोक आले. पण आले ते डोक्यावर पातेली, घंगाळं, टोप पालथे घालून. भागूच्या डोक्यावर तेलाची कढई होती.

"हे काय?" अंताजीने विचारलं.

"फडक्याखाली बूच मारलेलं नसेल कशावरून?" एका टोपाखालून आवाज आला.

"बघा ना फडकं सोडून."

"सोडायला लावता म्हणजे काहीतरी असणारच," शेजारचं घंगाळ म्हणालं.

बरण्यांना भांडी लागली. ठण्ण ठण्ण वाजलं. कोणालाही दुसरं काही ऐकू आलं नाही. भागू कढईखालून म्हणाली, "बुवा, मला तुमचा भरवसा आहे हो. पण घरी काल आढ्यातून काहीतरी चुकचुकलं."

ते सगळे जसे आले तसे गेले. बरण्या निजल्या, पण ते सांगायला कोणी राहिलं नव्हतं, आणि स्वतःच्या कानावर अंताजीचा आता विश्वास नव्हता. तो आज नको, उद्या बघू, असं म्हणत राहिला. उघड्या बरण्यांतलं आसव आंबून आंबून असं झालं, की म्हशीने हुंगलं आणि तोंड फिरवलं. पंचक्रोशीतले आजारी नदीपलीकडच्या वैद्याकडे जायला लागले. अंताजी ओटीवर बसून त्यांना जाताना बघे. कोणी रामराम केला असता, तर त्याला बरं वाटलं असतं. पण आता कोणी करत नसे.

तात्पर्य: संशयाचं बूच बाहेरच्याला अडवत नाही, घर मात्र आतून फोडतं.