धुरपा दुसरीत जाते

एक होतं जंगल. त्या जंगलात लोकशाही होती, म्हणजे दर पाच वर्षांनी सगळे प्राणी रांगेत उभे राहून गव्यालाच निवडून द्यायचे. गव्याची छाती रुंद होती आणि प्रचारात तेवढा एकच मुद्दा असायचा.

जंगलाच्या कडेला, तळ्याकाठच्या उंबराखाली एक शाळा होती. तिथं अनसूया साळिंदर नावाच्या बाई शिकवायच्या. अंगावर काटे, त्यामुळे बाई कडक असतील असं पालकांना वाटे. पोरांनी मात्र पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं की काटे नुसते दाखवायचे आहेत. वर्गात नाना तऱ्हेची पोरं. वटवाघळांची पोरं लटकून शिकायची, म्हणून बाईंनी त्यांच्यासाठी एक फळा उलटा टांगला होता. पाणमांजरांची पोरं तळ्यात गळ्यापर्यंत बसून पाढे म्हणायची. कार्तिक लागला की उत्तरेकडून करकोचे उतरायचे, चार महिने तळ्यावर राहायचे आणि वारा फिरला की निघून जायचे. त्यांचीही पोरं शाळेत यायची. करकोच्यांना आवाज नसतो, ते चोच वाजवतात. बाईंनी नाव पुकारलं की चोच वाजायची आणि बाई हजेरी मांडायच्या.

त्यांतल्या धुरपाने बाईंना लळा लावला होता. पोर हुशार, पण तीन वर्षं पहिलीतच. वार्षिक परीक्षा चैत्रात, आणि करकोचे उडणार फाल्गुनात. महिनाभर गैरहजर म्हणून पटावरून नाव कमी व्हायचं, आणि परत आली की नव्याने दाखल, पुन्हा पहिली. यंदा तिची धाकटी भावंडंही तिच्याच शेजारी येऊन बसली. त्या दिवशी नाव पुकारल्यावर धुरपाने चोच वाजवली नाही, नुसती मान खाली घातली. बाईंना फार वाईट वाटलं. काहीही झालं तरी यंदा हिला दुसरीत घालायचीच, असं त्यांनी ठरवून टाकलं.

नेमका त्याच वर्षी सरडा शिक्षणमंत्री झाला. शाळा पाहायला आला तेव्हा तो गव्याच्या तपकिरी रंगात होता. स्वागतगीत झालं, हार झाला, मग तो बोलायला उभा राहिला.

“विविधता हे आपल्या जंगलाचं वैभव आहे,” तो म्हणाला. “म्हणूनच ती एका रंगात, एका रांगेत आणि सरळ बसली पाहिजे. एक जंगल, एक वर्ग, एक हजेरी.”

टाळ्या पडल्या. वटवाघळांनी उलटं लटकूनच पंखांनी टाळ्या वाजवल्या, त्याबद्दल त्यांना ताकीद मिळाली.

मग फर्मानं सुटू लागली. जो तोंडाने ‘हजर’ म्हणेल तोच हजर, असं पहिलं फर्मान आलं, आणि करकोच्यांची पोरं वर्गात बसूनच गैरहजर झाली. सर्वांनी सरळ बसावं, असं दुसरं आलं. वटवाघळांच्या पोरांनी आज्ञेप्रमाणे फांदी सोडली आणि ती डोक्यावर पडली. या समाजाला शिक्षणाची गोडी नाही, असा अहवाल वर गेला. तिसरं फर्मान होतं गळती रोखण्याचं. त्याचं नाव स्थिरता अभियान. उडणाऱ्या प्रत्येक पोराची पंखांतली लांब पिसं उपटून सरकारजमा करायची, निकाल लागला की सन्मानाने परत मिळतील. वैशाखात तळं आटतं आणि मागं राहिलेला करकोचा जगत नाही, हे पत्रकात कुठंच नव्हतं.

बाई तडक शिक्षणाधिकाऱ्यांकडे गेल्या. अधिकारी म्हणजे नकुलराव मुंगूस. स्वभावाने वाईट नव्हते, पण निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

“साहेब, आईबाप उडाले की करकोच्यांची ही पाच पोरं मागं राहतील. खातील काय?”

“बाई, तो प्रश्न अन्नखात्याचा. मला सोमवारी पिसांची जुडी वर पाठवायची आहे. काळी-पांढरी, लांब, पोरामागे बारा.”

“वर कोणी उलगडून बघतं?”

नकुलराव खिडकीबाहेर बघत म्हणाले, “आजवर कुणी बघितलेलं नाही. जुडी जाड दिसली म्हणजे झालं.”

साळिंदराचे काटेही काळे-पांढरे असतात, लांबही असतात. घरी येऊन बाईंनी दाराला कडी लावली, दातांत पदर धरला आणि पाठीवरचे काटे एकेक करून उपटले. पाच पोरांचे साठ काटे निघेपर्यंत पाठ रक्ताळली. सोमवारी जुडी गेली, आणि उत्कृष्ट सहकार्याबद्दल शाळेला अभिनंदनाचं पत्र आलं.

त्याच आठवड्यात बाईंनी धुरपाची परीक्षा उरकून घेतली. तोंडी परीक्षा शक्य नव्हती, म्हणून धुरपाने तळ्याकाठच्या चिखलात चोचीने उत्तरं लिहिली. एकही चूक नाही. ‘पहिली उत्तीर्ण’ असा दाखला बाईंनी तिच्या पायाला वेलीने बांधला. दोन दिवसांनी वारा फिरला. धुरपा उंबरावर तीन घिरट्या घालून, चोच वाजवत वाजवत दिसेनाशी झाली. बाईंना रडू आलं, आणि त्यांनी ते येऊ दिलं.

चैत्रात निकालाच्या दिवशी पाच विद्यार्थी गायब आढळले. वर चौकशीची फाइल निघाली, पण तिच्यावर सही करायला मंत्री जागेवर नव्हते. सरडा आणखी अकरा निवडून आलेल्यांना घेऊन शेजारच्या जंगलातल्या एका धबधब्यावर मुक्कामाला गेला होता. तिथं म्हणे फळं फार उत्तम मिळतात. आठ दिवसांनी ते बाराही जण परतले तेव्हा गव्याचं सरकार पडलं होतं, रानडुकराचं आलं होतं, आणि सरडा आता करड्या रंगाचा होता.

पहिल्याच दिवशी अनसूयाबाईंना निलंबनाची नोटीस मिळाली. तीत लिहिलं होतं, ‘मुदत पूर्ण न करता मध्येच जागा सोडून जाणाऱ्यांना आपण पाठीशी घातलेत. अशा वृत्तीने जंगलाचे संस्कार बिघडतात.’

बाईंनी नोटीस दोनदा वाचली. सही जुन्याच शिक्षणमंत्र्यांची होती, सरकार तेवढं नवीन होतं.