येसूचं गोडं पाणी

आपल्या वाडीला धक्का नव्हता, दीपस्तंभ नव्हता आणि सगळ्या होड्या शिडांवर चालत, तेव्हाची ही गोष्ट.

एका वादळात समुद्र वाडीत शिरला आणि एकुलती एक विहीर खारी करून गेला. चार महिने उपसली, तरी पाणी खारंच. बायका दोन कोसांवरून हंडे आणत. शेवटी वडीलधारी माणसं बसली आणि ठरलं, होड्या भरायच्या आणि अक्षय्यतृतीयेला वाडी सोडायची.

येसू तेव्हा नुकतीच लग्न होऊन आली होती. घरात मासळी नसली की ती ओहोटीला खडकावरच्या शंखी वेचून आणायची. शंखी म्हणजे सुपारीएवढी गोगलगाय. पाठीवर जाड काळा शंख, त्यावर पांढऱ्या रेघा, आणि हात लागला की आतून घट्ट दार लावून बसणारी. एके दिवशी जेवता जेवता तिचे सासरे गणू तांडेल थांबले.

"मीठ विसरलीस गो?"

"घातलंय, मामा. रोजच्याएवढंच."

"मग माझ्या जिभेला काय झालंय?"

जिभेला काही झालं नव्हतं. त्या दिवशीच्या शंखी कासवखडकावरच्या होत्या. दुसऱ्या दिवशी येसूने दुसरीकडच्या आणल्या, तर कालवण नेहमीसारखं. मग ती परत कासवखडकावर गेली. एक शंखी उपडी करून तिच्यातलं पाणी जिभेवर घेतलं. अळणी! म्हणजे या खडकाखाली गोडं पाणी झिरपत होतं.

तिने वाडीला सांगितलं. म्हातारे हसले.

"समुद्रात गोडं पाणी? उद्या सांगशील, बांगड्याला शिंगं फुटली!"

"हसा की. चार महिने विहीर उपसून तुम्हाला काय मिळालं?" येसू म्हणाली आणि पहार घेऊन निघाली.

चैत्रातल्या अमावास्येची मोठी ओहोटी होती. असं म्हणतात, खडकावरच्या हजारो शंखी चालू लागल्या आणि एका भेगेपाशी जाऊन थांबल्या. येसूने तिथेच पहार मारली. असं म्हणतात, भरतीची वेळ झाली तरी तिचं काम होईपर्यंत समुद्र सात पावलं मागे उभा राहिला. अखेर कातळ फुटला आणि पुरुषभर उंच धार उडाली. गणू तांडेल धावत आले, ओंजळ भरून प्यायले. मग होडीत चढवलेलं जातं त्यांनी स्वतःच्या खांद्यावरून घरी परत नेलं.

झरा अजून आहे. भरती त्याला दिवसातून दोनदा झाकते, आणि ओहोटी लागली की घटकाभरात तो निवळतो. येसू किती वर्षं जगली कुणाला ठाऊक नाही. असं म्हणतात, ती म्हातारी झालीच नाही.

कासवखडकावरच्या शंखी आता कुणी वेचत नाही. दर वर्षी चैत्री अमावास्येला सगळी वाडी मिळून झऱ्यातली वाळू काढते. मग पहिली ओंजळ वाडीतल्या सर्वांत नव्या सुनेची, आणि शेवटची सर्वांत म्हाताऱ्या माणसाची.

"आटप गो, भरती येईल!" रांगेच्या टोकावरून कुणीतरी आजोबा ओरडतात.

नवी सून ऐकते, आणि सावकाश, पोटभर पिते.