वणव्याची रंगीत तालीम

बाळांनो, डोंगरउतारावरच्या एका जंगलात बांबूच्या बेटाआड पिल्लांची एक शाळा भरत असे. मोर तिथला मुख्याध्यापक होता आणि ससा धाकट्या वर्गाचा गुरुजी. उन्हाळ्यात त्या उतारावर वणवा पेटण्याचे भय असे. म्हणून वनराजाने हुकूम काढला होता, की प्रत्येक शाळेने सुटकेची वाट ठरवावी, गुरुजींनी ती नीट शिकून घ्यावी आणि पिल्लांकडून गिरवून घ्यावी.

मोराला समारंभाची हौस भारी. दरवर्षी तो हत्तीला पाहुणा म्हणून बोलावी. टिटवीने इशारा दिला की पिल्ले मैदानात उंचीप्रमाणे रांगेत उभी राहत. हत्तीने पळसाची डहाळी हलवली की रांग डुलत डुलत मैदानाच्या कडेपर्यंत जाई आणि तिथे सगळ्यांना बोरे मिळत. झाली तालीम! पुढे ओढ्यापर्यंतची वाट करवंदीच्या जाळीतून होती. त्या वाटेने एकही गुरुजी कधी गेला नव्हता, कारण काट्यांत पिसारा अडकेल म्हणून मोर तिकडे जायचा विषयच काढू देत नसे.

"एकदा कुणाला न सांगता, थेट ओढ्यापर्यंत जाऊन बघू या का?" सशाने भीत भीत विचारले.

"अहो गुरुजी, पाहुण्यांशिवाय कसला कार्यक्रम?" मोर म्हणाला. "उगाच पिल्लांना घाबरवू नका."

ससा पडला भिडस्त. तो गप्प बसला, आणि खरे सांगू, मला त्याचा अजून राग येतो.

एके दुपारी वारा फिरला. आधी धुराचा वास आला, मग बांबू तडकल्याचे आवाज येऊ लागले. टिटवी जीव तोडून ओरडत होती. पिल्ले धावत मैदानात आली आणि शहाण्यासारखी उंचीप्रमाणे रांगेत उभी राहिली. सगळ्यात पुढे मुंगसाचे पिल्लू होते. अंगावर ठिणग्या पडू लागल्या तरी कुणी पाय उचलेना.

"चला, पळा," ससा म्हणाला.

"हत्तीआजोबा अजून आले नाहीत, गुरुजी," मुंगसाचे पिल्लू म्हणाले.

सशाने मोराकडे पाहिले. मोराला पुढची वाट ठाऊकच नव्हती, तो पिसारा आवळून उभा होता. मग सशाने हाताला लागतील त्या पिल्लांना जाळीकडे ढकलले आणि स्वतः पुढे घुसला. आत वाट सापडेना. तो चुकला, मागे फिरला, पुन्हा चुकला. पिल्ले ओरबाडून घेत, रडत त्याच्या मागे येत होती आणि मोर सगळ्यांच्या शेवटी. त्यांच्या पाठीवर आगीची धग लागत होती. कसेबसे ओढ्यात उतरल्यावर सशाने पिल्ले मोजली. एक कमी होते.

तो तसाच परत फिरला. धुरात काही दिसत नव्हते. मैदानात पोचला तर मुंगसाचे पिल्लू आपल्या नेहमीच्या जागी, डोळे घट्ट मिटून, एकटेच उभे होते. त्याच्या मिशा करपल्या होत्या. सशाने त्याची मान तोंडात धरली आणि पुन्हा जाळीत उडी घेतली.

धुराने बेशुद्ध झालेले पिल्लू ओढ्याच्या पाण्यात शुद्धीवर आले आणि हळूच म्हणाले, "गुरुजी, मी रांग मोडली नाही." त्याला शाबासकी हवी होती. सशाला रडू आवरेना.

मोर काठावर बसला होता. त्याचा अर्धा पिसारा जळून गेला होता, पण तिकडे त्याचे लक्ष नव्हते. "त्याचे काही चुकले नाही," तो म्हणाला. "आपण त्याला एवढेच शिकवले होते."

तात्पर्य : संकट पाहुण्यासारखे कळवून येत नाही. म्हणून सुटकेची वाट शिकवणाऱ्याने आधी स्वतः शेवटपर्यंत चालून पाहावी, मगच ती लेकरांना शिकवावी.