नाव उसवून बांधलेली घरं

पूर्वी शूर्पारक नगरावर सागरदत्त राजाचा अंमल असताना बोधिसत्त्व किनाऱ्यावरच्या एका वाडीत, नावा शिवणाऱ्यांच्या कुळात जन्मले होते. त्यांचं नाव गोपक. त्या वाडीत नावेला खिळा ठाऊक नव्हता. फळ्यांना भोकं पाडून त्या काथ्याच्या दोरानं शिवत. घरं मात्र खुंट्या ठोकून उभी करत. नावेचा दोर घराला बांधला तर घर समुद्राला जातं, असा तिथला समज होता.

एकदा असं वादळ आलं की वाडीत एक छप्पर उरलं नाही. शिवलेल्या नावा मात्र नुसत्या कुरकुरल्या. हे सगळ्यांनी पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा खुंट्याच ठोकू लागले! आता काय म्हणावं?

त्यांत जाळी विणणारी सोणा सगळ्यांत उतावळी. तिची सून उप्पला नऊ महिन्यांची गरोदर, उपड्या होडीखाली पडलेली. पश्चिमेचं आभाळ पुन्हा काळवंडत होतं. सोणाला बसवेना, की उभं राहवेना.

गोपक तिच्यापाशी आले. "वहिनी, खुंटी हलत नाही, म्हणून मोडते. दोरानं बांधा."

"दोराचं नाव काढू नका, भाऊजी. ह्यांना समुद्रानं नेलं. आता नातवंडही देऊ का? आणि दोर आहे कुठे? नारळाच्या साली कुजून काथ्या निघायलाच वर्ष जातं. मला छप्पर आज हवंय."

वाडीतला सारा दोर वाहून गेला होता, हे खरंच. राजासाठी तीन वर्षं खपून शिवलेली गोपकांची नवी नाव उंचवट्यावर उभी होती. ते तिचे टाके उसवू लागले.

म्हातारा चळला, असं सोणाच्या मनात आलं. तेवढ्यात एक फळी सुटून वाळूत पडली. गोपकांनी पहिला दोर स्वतःच्या घराला बांधला.

"तुमचा समज खरा असेल, तर समुद्र आधी माझं घर नेईल," ते म्हणाले.

सोणानं हातोडा खाली ठेवला आणि ती टाके उसवायला बसली. मग हळूहळू सारी वाडी आली. त्यांनी वासे खांबांना शिवले, एका घराचा दोर शेजारच्या खांबाला नेला.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी वारा सुटला. सोणानं एका हातात दोर धरला, दुसऱ्यात सुनेचा हात. छप्पर उचललं जाई, ताणलं जाई, पुन्हा बसे. प्रत्येक वेळी ती दोर आवळून धरी. दोरांच्या त्या कुरकुरीतच उप्पलाचं बाळ जन्मलं, रडलं.

वारा पडला तेव्हा एकही छप्पर गेलं नव्हतं. गोपकांच्या नावेच्या मात्र नुसत्या फळ्या उरल्या होत्या. सोणानं खाडीच्या चिखलात काथ्यासाठी नारळाच्या सोडणांचा, म्हणजे सालींचा, ढीग पुरला.

"वर्ष लागेल, भाऊजी," ती म्हणाली. "मी थांबेन. नाव आम्ही शिवून देऊ."

पूर्वजन्मीची एवढी कथा सांगून भगवान शास्ते म्हणाले, "तेव्हाची सोणा म्हणजे पडलेल्या विहाराचं छप्पर कधी होणार, असं सकाळपासून चारदा विचारणारी ही उपासिका. उप्पला म्हणजे तिच्या शेजारी बसलेली तिची लेक. आणि गोपक तो मीच." स्वतःचं उसवून दुसऱ्याचं बांधणं, ही दानपारमिता, म्हणजे दानाची परिपूर्णता होय.